मागाचा खडखडाट थांबतो तो सोलापुरी थ्रिलर कुणी पाहिलाय का?

दत्तनगरकर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

नाव सांगता येत नाही. नावाची पाटी आली तेव्हाच पडद्यावर चौकोन नाचायला लागले, आवाज खरखरला आणि पाटी गेली. मागच्या रांगेनं शिट्ट्या मारल्या. त्यामुळं गुगलवर शोधायलाही काही नाही, नाहीतर हा धागा काढलाच नसता.

साल २००९, महिना जानेवारी. तिथून निघून मी थेट होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो, म्हणून महिना पक्का आठवतो. एका कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्मचा कोर्स करणारी पोरं आपापल्या फिल्मा दाखवणार होती. माझा मामेभाऊ तिथं सतरंज्या टाकायच्या कामावर होता, म्हणून मी. आधी तीन झाल्या. एकीत आई वारते आणि मुलगा पुण्याहून पावसात येतो. दुसरी व्यसनमुक्तीवर. तिसरीही व्यसनमुक्तीवर. मग ही लागली. पाऊण तासाची असेल.

गोष्ट अशी. यंत्रमागाचा कारखाना, रात्रपाळी, भारनियमनाचे दिवस. लाईट जाते, माग थांबतात, पोरं बाहेर विडी ओढायला जातात. लाईट येते, आणि आत जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती बघणारा, मेलेला सापडतो. मालक म्हणतो, माग बंद न करताच आत वाकला होता, लाईट आली, माग आपोआप सुरू झाला, डोक्याला लागलं. पोलीसही तेच लिहून घेतात. मालक मोठ्या मनानं त्याच मागावरची चादर कापून प्रेतावर घालायला देतो. मोराची चादर, आपली नेहमीची.

जॉबरची आई म्हातारी, डोळ्यांनी अधू. जन्मभर हातमागावर बसलेली. दिवसकार्य झाल्यावर ती चादर घडी करायला घेते आणि तिची बोटं थांबतात. कॅमेरा फक्त बोटांवर. एका ठिकाणी आडवी पट्टी लागते, ती माग थांबल्याची. ती पुढं वीत टाकते. वीतभर पुढं दुसरी पट्टी. ती परत मागं येते, परत वीत टाकते. कुणी काही बोलत नाही. लाईट आल्यावर माग जर लगेच त्याच्या डोक्याला लागून थांबला असता, तर वीतभर कापड कुठून आलं? म्हणजे माग सुरू होऊन तीनेक मिनिटं नीट चालला. मग कुणीतरी हातानं थांबवला, आणि परत सुरू केला.

मी आजवर शंभरेक तरी खुनाचे सिनेमे पाहिले असतील. पुरावा असा अंगावर पांघरायला दिलेला कुठं पाहिला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमचं घर दत्त नगरात, भिंतीला भिंत लावून माग. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना झोप नाही. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो थांबल्यावर. रात्री लाईट गेली की अख्खी गल्ली टक्क जागी. तान्ही बाळं रडायला लागायची. बाहेरच्यांना हे सांगितलं तर हसतात. त्या पोरांनी नेमकं हेच उचललं होतं. पहिली दहा मिनिटं तो खडखडाट कानावर आदळतो, लोक वैतागतात, मग कान मरतो. आणि एकदम बंद. हॉलमधल्या पंख्याची करकर ऐकू यायला लागली. माझ्या शेजारचा बाप्या पाय वर घेऊन बसला, शप्पथ.

अजून एक गोष्ट फार पुढं लक्षात आली. त्या सिनेमात माणसं फक्त अंधारात बोलतात. माग चालू असताना एकही संवाद नाही, नुसत्या हाताच्या खुणा आणि ओठ. लाईट गेली की बोलणं सुरू. पंधरा वर्षं मी हे दिग्दर्शकाचं डोकं म्हणून लोकांना सांगत आलोय.

कुणाकडं कॉपी आहे का? निदान कुणी पाहिलाय का? बायकोला वाटतं मी स्वप्नात पाहिलाय.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०:४०

काय बे, रात्रीच्याला असलं लिहितात का. आता चादर पांघरू का नको?

पाहिलेला नाही. पण लाईट गेल्यावर जाग यायची हे शंभर टक्के खरं. आमच्या आजोबांना तर माग थांबला की छातीत धडधडायचं. डॉक्टरला सांगितलं तर डॉक्टर म्हणे आवाजापासून लांब राहा.

---

पेठेतला_पाहुणा | सोमवार, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली आहे. कथा तुम्हीच रचून खपवत नाही आहात ना? तसं असेल तरी पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

इंचपट्टी | मंगळवार, सकाळी ७:२०

मी मागावर सोळा वर्षं काढली, आता टॉवेलच्या पॅकिंगचं बघतो. सिनेमा पाहिलेला नाही, पण हिशोब बघावासा वाटला.

माग मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा फेकतो. एकशेवीस धरा. चादरीला इंचाला बाण्याचे, म्हणजे आडवे, चाळीसेक धागे धरले तर मिनिटाला तीन इंच कापड पुढं जातं. वीत म्हणजे नऊ इंच. तीन मिनिटं. म्हातारीचं गणित बरोबर आहे. धोट्यातली सुताची कांडी संपून माग थांबला तर मात्र ते बिघडतं, आणि एका कांडीचं सूत काही फार वेळ पुरत नाही. तिथं पोरांनी जरा डोळेझाक केली.

पट्टीचं म्हणाल तर ती खरी आहे. माग थांबला की ताण्यावरचा, म्हणजे उभ्या धाग्यांवरचा, ओढ बदलतो, बाणा ठोकून बसवणारी फणी सुरुवातीचे दोन-चार ठोके एक तर जोरात मारते नाहीतर हलके. त्यामुळं तिथं बाणा दाट तरी बसतो किंवा विरळ. उजेडात तिरकं धरलं की दिसतं, आणि हाताला तर डोळ्यांआधी कळतं. माल तपासणाऱ्या बायका बोलत बोलत बोटानं काढतात.

पण शंका अशी की जाणता विणकर पट्टी येऊच देत नाही. सुरू करायच्या आधी तो कापड जरा मागं घेतो, फणी हातानं एक-दोनदा लावून बघतो, मग दांडा टाकतो. लाईट अचानक गेली तर पहिली पट्टी येणारच, ते कुणाच्या हातात नाही. दुसरी पट्टी मात्र हातानं थांबवून हातानं सुरू केलेल्याची. ती इतकी ठळक कशी? तिथं फसलंय.

आणि एक. चादर रोलवर गुंडाळलेली असते. एका चादरीसाठी मध्येच रोल उतरवून कोण कापतो? मालक तर मुळीच नाही.

---

दत्तनगरकर | मंगळवार, सकाळी ९:०२

इंचपट्टी काका, तुम्ही न पाहता सिनेमा सोडवलात! म्हातारी नेमकं हेच म्हणते. दुसऱ्या पट्टीवर अंगठा घासते आणि म्हणते की हा हात आपल्यातला नाही. विणकरानं सुरू केला असता तर मला सापडलाच नसता. तिथून संशय कामगारांवरून उठतो आणि ऑफिसात जातो.

रोल मध्येच कापण्याचाही खुलासा आहे. त्या कापडावर डाग होता म्हणून घाईनं कापलं, आणि डाग पडलेला माल कुठं ठेवायचा तर प्रेतावर. तिथं कुणी डाग बघत नाही.

---

इंचपट्टी | मंगळवार, सकाळी ९:३०

मग माझी हरकत नाही. ज्यानं लिहिलंय त्याच्या घरात माग असणार.

---

रीळभक्त | मंगळवार, दुपारी १:१५

धागा वर आणतो. फिल्म शिकणाऱ्या पोरांच्या अशा सिनेमांचं एक स्वतंत्र घराणंच आहे. पैसे नसल्यामुळं जे करावं लागतं तेच पुढं त्यांची शैली म्हणून ओळखलं जातं.

हॉलिवूडच्या ख्रिस्तोफर नोलनचा पहिला सिनेमा 'फॉलोइंग', १९९८. साधारण सहा हजार डॉलरमध्ये. सगळे नोकरी करणारे, म्हणून शूटिंग शनिवारी, आणि ते वर्षभर चाललं. १६ एमएमची फिल्म महाग, म्हणून नटांकडून नाटकासारख्या तालमी करून घ्यायच्या आणि एक-दोन टेकमध्ये संपवायचं. दिवे परवडत नाहीत म्हणून कृष्णधवल आणि खिडकीतून येईल तो उजेड.

रॉबर्ट रॉड्रिगेझचा 'एल मारियाची', १९९२. सात हजार डॉलर, त्यातले बरेचसे त्यानं औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचं शरीर देऊन मिळवले. कॅमेरा इतका आवाज करायचा की चित्र घेताना संवाद टिपणं अशक्य. मग टेक झाला की लगेच नटानं तोच संवाद कॅमेरा बंद करून पुन्हा म्हणायचा, तो टेपवर घ्यायचा, आणि नंतर जुळवायचं. जुळलं नाही तिथं दुसरंच काहीतरी दाखवायचं. त्या सिनेमाचा वेग वेग म्हणतात ना, त्यातला बराचसा ओठ लपवण्यातून आलाय.

सोलापूरच्या पोरांची 'अंधारातच बोलायचं' ही गोष्ट मला याच जातीची वाटते. आवाजाची अडचण असणार.

---

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, दुपारी १:५०

छिद्रान्वेषीपणाबद्दल क्षमस्व, पण नोलन फिल्म स्कूलचा विद्यार्थी नव्हता. लंडनला इंग्रजी साहित्य शिकला, कॉलेजच्या फिल्म सोसायटीत होता.

---

रीळभक्त | मंगळवार, दुपारी २:०५

बरोबर, मान्य. फिल्म शिकलेल्यांचंच उदाहरण हवं तर 'ब्लेअर विच' हा भयपट घ्या, ती फ्लोरिडात फिल्म शिकलेली मंडळी. जंगलातलं चित्रण आठ दिवसांत उरकलं. आणि आपल्या जिल्ह्यातलं हवं तर जेऊरचे नागराज मंजुळे. नगरला मास कम्युनिकेशन शिकतानाच लघुपट करायला लागले, 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट' २०१६ चा, तो सगळ्यांना ठाऊक. तेव्हा सोलापुरात असलं कोण करणार असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

---

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी २:२०

कोण म्हणालं बे तसं?

---

रीळभक्त | मंगळवार, दुपारी २:२२

कुणी नाही. सवय आहे.

---

मंजू_विडीघरकुल | मंगळवार, रात्री ९:४५

मी पाहिलाय!! बायकोला सांगा स्वप्न नव्हतं. पण जानेवारीत नाही, त्याच वर्षी उन्हाळ्यात. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात पडदा बांधून दाखवला होता. उकाडा इतका की सगळे बाहेरच्या कट्ट्यावर बसून खिडकीतून बघत होते.

तुम्ही एक गोष्ट सोडली, ती मला कधी विसरता येणार नाही. म्हातारी तेलुगूत बोलते. पोलीस मराठी. ती चादरीवर हात ठेवून म्हणते, "सांचा आगिंदि." म्हणजे माग थांबला होता. पोलिसाला काही कळत नाही, तो मुलाला विचारतो काय म्हणाली, आणि मुलगा भीतीनं सांगतो, काही नाही, देवाचं म्हणतेय. खाली मराठी अक्षरं नाहीत, काही नाही. आमच्याकडं निम्मे पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. त्यांचा 'आँ' आधी निघाला, आणि बाकीचे त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. माझी मैत्रीण माझा दंड धरून "काय म्हणाली, काय म्हणाली" करत होती आणि मी तिला "थांब गं" म्हणत होते.

(आमच्यात मग्गम म्हणजे हातमाग, यंत्रमागाला सांचा म्हणतात. ज्यानं लिहिलं त्याला हे माहीत होतं.)

आणि शेवटी दिवाणजी निघतो ते बघून आमच्या आत्यानं चप्पल भिरकावली होती.

---

दत्तनगरकर | मंगळवार, रात्री १०:००

ताई, तेलुगू वाक्य अगदी बरोबर, आमच्या हॉलमध्येही असंच अर्धं-अर्धं झालं होतं.

पण दिवाणजी?? दिवाणजी कुठून आला? खुनी मालकाचा मुलगा होता. मला स्वच्छ आठवतं, तो शेवटी ऑफिसात बसून नखं कापत असतो.

---

मंजू_विडीघरकुल | मंगळवार, रात्री १०:०८

दिवाणजीच. चष्मा दोरीनं बांधलेला. हिशोबाच्या वहीत खाडाखोड असते, जॉबरनं ती पाहिलेली असते.

---

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, रात्री १०:१५

अहो, रसभंगाची सूचना तरी द्या! मला बघायचा होता.

---

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री १०:१६

कुठं बघणार होतास बे? तेच तर शोधालेत सगळे.

---

हेडक्लीनर (नवीन सदस्य) | बुधवार, रात्री १२:५०

नमस्कार. पुतणीनं हा धागा व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि विचारलं, काका हा तुमचा तर नाही ना. आमचाच. आम्ही चौघं होतो. बाकी तिघांना विचारल्याशिवाय नावं टाकत नाही, माझंही नको. मी सध्या सिनेमाच्या धंद्यात नाही, सोलरचे पॅनेल बसवतो.

दत्तनगरकर, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. आता तुमचा थोडा हिरमोड करतो.

माणसं अंधारात बोलतात कारण माग चालू असताना आवाज टिपताच यायचा नाही. एकच साधा माईक, तोही कॅमेऱ्यावरचा. कारखाना फुकट मिळाला होता तो एका अटीवर, की त्यांचा माल थांबवायचा नाही. मग शांतता मिळणार फक्त भारनियमनात. वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं, ते कापून आम्ही पटकथेच्या वहीत डकवलं होतं. लाईट गेली की "चला चला चला" करून सगळे संवाद उरकायचे, उजेडाला दोन चायना इमर्जन्सी दिवे. लाईट आली की खुणांचे सीन. सुरुवातीला कागदावर सिनेमाभर बडबड होती. तिसऱ्या दिवशी निम्मे संवाद काढून टाकले, कारण तेवढा अंधार मिळत नव्हता.

शूटिंग २००८ च्या पितृपंधरवड्यात केलं. कारण कॅमेरा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका काकांचा, पॅनासॉनिकचा खांद्यावर घ्यायचा 'एमडी दहा हजार' मॉडेलचा. लग्नाची, साखरपुड्याची, वास्तुशांतीची, कसलीच सुपारी नाही असे दिवस त्या पंधरवड्याशिवाय मिळेनात. घरच्यांनी शिव्या घातल्या की पक्षात प्रेताचं नाटक काय करताय. प्रेत झालेल्या पोराच्या आईनं त्याला शूटिंगला येताना रोज खिशात लिंबू दिलं. एका शॉटमध्ये त्या खिशाचा फुगवटा दिसतो.

आता चौकोनांचं. मागाच्या शेडमध्ये कापसाचं तूस उडतं हे इथल्या लोकांना सांगायला नको. मिनी डीव्हीच्या, म्हणजे छोट्या कॅसेटच्या, कॅमेऱ्यात टेपसमोर फिरणारं हेड असतं, त्यावर तूस बसलं की चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. आम्हाला कळलंच नाही, कारण कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत सगळं ठीक दिसायचं. घरी येऊन टेप लावली तर नावाची पाटी गेलेली, आणि शेवटी खुन्याचा चेहरा दिसतो तो शॉट पूर्ण चौकोनांचा. पुन्हा घ्यायला गेलो तोवर नवरात्र लागलं आणि कॅमेरा दांडियाला गेला. तसाच ठेवला. हॉलमध्ये लोकांना वाटलं बातम्यांत आरोपीचा चेहरा झाकतात तसं मुद्दाम केलंय. एका सरांनी भाषणात त्याचं कौतुकही केलं. आम्ही माना डोलावल्या. काकांनी हेड साफ करायच्या कॅसेटचे पैसे कापून घेतले, म्हणून हे सदस्यनाम.

एकूण खर्च अकरा हजार चारशे. त्यातले साडेतीन हजार चहा-नाश्त्याचे, कारण रात्रपाळीच्या वीस कामगारांसमोर चौघांनीच चहा पिणं बरं दिसेना.

---

इंचपट्टी | बुधवार, सकाळी ६:५५

साहेब, पट्टीची कल्पना कुणाची? माग कुणाच्या घरात होता?

---

हेडक्लीनर | बुधवार, सकाळी ८:१०

आमच्या कुणाच्याच नाही, काका. आमच्या पटकथेत पोलिसाला मागाखाली घड्याळ सापडायचं. काच फुटलेलं, काटे थांबलेले. शंभर सिनेमांत असतं तसलं.

म्हातारी म्हणजे आमच्यातल्या एकाची खरी आजी. साखर पेठेत राहायच्या. त्यांना फक्त रडायला बोलावलं होतं. वाचन चाललं होतं, त्या विड्यांची पानं कातरत ऐकत होत्या. घड्याळाचा भाग आला तसं नातवाला तेलुगूत म्हणाल्या, घड्याळ कशाला, कापडाला कळत नाही का? मग आतून चादर मागवली आणि बोट लावून दाखवलं, ही बघ इथं लाईट गेली होती. त्यांच्याच घरची वापरातली चादर, काही वर्षांपूर्वी विणलेली. आम्ही चौघं एकमेकांकडं बघत बसलो. मी हात लावला तर मला काहीसुद्धा लागेना. त्यांनी माझं बोट धरून फिरवलं तेव्हा कुठं, अगदी केसाएवढं काहीतरी. खरं सांगतो, अजूनही शंभर टक्के खात्री नाही की मला लागलं.

बोटांचा तो शॉट एकदाच घेतला. त्या म्हणाल्या, पानं भिजत घातलीत, सुकतील, लवकर आटपा. "सांचा आगिंदि"ही त्यांचंच, आम्ही मराठी वाक्य लिहून दिलं होतं. सर म्हणाले खाली मराठी अक्षरं टाका. टाकायला येत नव्हती असं नाही, एडिटिंगचं मशीन तासावर भाड्यानं घेतलेलं आणि तास संपत आला होता.

दोन्ही शेवट खरे आहेत. जानेवारीत मालकाचा मुलगा होता. ज्यांनी कारखाना दिला त्यांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, पुढच्या आठवड्यात बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, सिनेमा चांगला आहे, पण मालकाकडचा माणूस खुनी दाखवला की आमच्याकडची पोरं आमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघालीत. आम्ही वाद घातला नाही. पोरं वीसच वर्षांची होतो, आणि त्यांच्याकडंच दुसरी फिल्म करायची होती. दिवाणजी घुसवला. दिवाणजीचं काम मीच केलंय, मंजूताई, चप्पल मला लागली होती.

---

मंजू_विडीघरकुल | बुधवार, सकाळी ८:३०

अय्यो!! आत्याला आत्ता फोन लावते.

---

रीळभक्त | बुधवार, सकाळी १०:१०

हेडक्लीनर, तुम्ही 'हिरमोड करतो' म्हणालात, पण माझा झाला नाही. चौकोनांचा शॉट ठेवायचा की नाही हे तुमच्या हातात होतंच ना. संवाद कोणते काढायचे तेही.

---

हेडक्लीनर | बुधवार, सकाळी १०:४०

हातात नव्हतं हो. कॅमेरा दांडियाला गेला होता.

---

दत्तनगरकर | बुधवार, दुपारी १२:१५

माझा झाला, थोडासा. मालकाच्या मुलाचं नख कापणं मला जमून आलं होतं आणि तुम्ही चहावर सोडून दिलंत. बाकी सगळं माफ.

असो. मुद्द्याचं बोला, कॉपी आहे का? यूट्यूबवर टाका की.

---

हेडक्लीनर | बुधवार, दुपारी १:००

पूर्ण झालेली फिल्म ज्या हार्ड डिस्कवर होती ती २०१२ ला गेली. डीव्हीडी केल्या होत्या, त्यातली माझ्याकडची लावली तर गाडी अर्ध्यात अडकते. मूळ पाच कॅसेट आहेत, माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात. लेबलवर नाव नाही, नुसतं 'प्रात्यक्षिक ३' लिहिलंय. कोर्सच्या फॉर्मवरही तेच होतं. पाटीवर जे नाव होतं त्यावर चौघांत एकमत कधी झालंच नव्हतं, म्हणून ते गेलं त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

यूट्यूबवर टाकायचं तर दुसरी भानगड आहे, मागं लावलेलं संगीत एका इंग्रजी सिनेमातून उचललेलं आहे. टाकल्या टाकल्या उडेल.

---

जुनीटेप | बुधवार, रात्री ८:२५

कॅसेट असतील तर आशा आहे. मी जुन्या लग्नांच्या टेपा कॉम्प्युटरवर घेऊन देतो. काही सूचना:

डबा माळ्यावरून काढलात की लगेच टेप लावू नका. घरात खाली सावलीत एक-दोन दिवस राहू द्या. पंधरा उन्हाळे काढलेत तिनं, तेही सोलापूरचे. लावल्यावर आधी पूर्ण पुढं नेऊन पूर्ण मागं आणा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. हेड साफ करायची कॅसेट कोरडी असते, ती पाच-दहा सेकंदांवर चालवू नका, हेड घासतं. आणि ज्या कॅमेऱ्यावर रेकॉर्ड केलं तोच मिळाला तर सगळ्यात बरं, दुसऱ्या कॅमेऱ्यावर कधीकधी नुसतेच चौकोन येतात.

एका तासाच्या टेपची साधारण तेरा जीबीची फाईल होते, आणि तासाची टेप उतरवायला तासच लागतो. घाई नको. चित्र तुटलेलं असेल तिथं तुटलेलंच येणार. पण तुमच्या बाबतीत तेच हवंय म्हणा.

---

हेडक्लीनर | बुधवार, रात्री ९:००

लग्नवाल्या काकांचा मुलगा आता ड्रोन उडवतो. त्याला विचारलं, जुना कॅमेरा आहे म्हणतोय, शोकेसमध्ये ठेवलाय. देतो म्हणाला, मुहूर्त बघायची अट नाही. पण माझ्या लॅपटॉपला ती वायर लागायचं भोकच नाही.

---

जुनीटेप | बुधवार, रात्री ९:१०

फायरवायर. आताच्या लॅपटॉपला नसतं ते. माझ्याकडं जुना डेस्कटॉप आहे, त्यात कार्ड बसवलेलं आहे. वायरीचं बघावं लागेल. कॅमेऱ्याकडं चार पिनी असते, माझ्या कार्डाला सहा पिनी. चार-सहा वायर शोधून ठेवतो. तुम्ही रविवारी कॅमेरा आणि कॅसेट घेऊन या.

---

इंचपट्टी | बुधवार, रात्री ९:२०

मीही येऊ का? ती दुसरी पट्टी बघायची आहे.

---

शेंगाचटणी | बुधवार, रात्री ९:२२

काका, पट्टी व्हिडिओत कशी दिसणार, हाताला लागते ना ती.

---

इंचपट्टी | बुधवार, रात्री ९:२५

तिचा हात कुठं थांबतो ते बघायचंय.

---

हेडक्लीनर | बुधवार, रात्री ९:४०

या की सगळे. रविवार सकाळी नको फक्त, आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, पाचव्या दिवशी येतंय. भरून झालं की निघतो. अकरा धरा.